तीट आणि हेल्मेट

आमच्या घरात मुलांच्या सुरक्षेची जय्यत तयारी आहे. खिडक्यांना जाळ्या, प्लगच्या भोकांना झाकणं, सोसायटीच्या गेटवर कॅमेरा. भाजीवाल्या मावशींनाही वहीत नाव लिहिल्याशिवाय आत सोडत नाहीत. धाकट्याला तर सासूबाई रोज कानामागे तीट लावतात.

आणि सकाळी पावणेसातला हीच मुलं माझ्या स्कूटरवर चढतात. धाकटा पुढे उभा, आरशाची दांडी धरून. थोरला मागे, पाठीवर दप्तर, डोळे अर्धे मिटलेले. हेल्मेट एकच, माझ्या डोक्यावर. (तेही चौकात मामा उभे असतात म्हणून.)

चार वर्षांपुढच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं, असा कायदा आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या पोरांना तर २०२३पासून हेल्मेट, शिवाय चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा आणि वेग ताशी ४०च्या आत. नवऱ्याला वाचून दाखवलं. ‘‘दोन किलोमीटर तर जायचंय!’’ म्हणाला, आणि गेटचा कॅमेरा चालू आहे का ते मोबाइलवर बघू लागला.

थोरल्याचं हेल्मेट आहे हं घरात. क्रिकेटच्या शिबिरासाठी घेतलेलं, चांगलं जाळीचं. शाळेत हरवेल म्हणून कपाटात ठेवलंय.