अध्यक्षांची दखल

मे लागला की नागपुरात पारा आणि चोर दोघंही वर चढतात. ज्यांना जमतं ते पुण्याला मुलाकडे नाहीतर चिखलदरा-पचमढीला निघून जातात, मागे दाराला कुलूप आणि कुलपावर विश्वास एवढंच उरतं, आणि प्रत्येक फ्लॅट स्कीमच्या बैठकीत सुरक्षेचा विषय निघतो. आमच्याही स्कीममध्ये निघाला. कॅमेरे होतेच. पण कॅमेऱ्याचं काम चोरी झाल्यावर सुरू होतं. चोरानं टोपी घातली होती हे कळतं. ती कोणत्या पक्षाची होती, यावर मग आठवडाभर चर्चा चालते. तेव्हा चोरानं आत पाय टाकताक्षणी बोंब मारेल असं काहीतरी हवं, असं ठरलं. तीन कोटेशनं मागवली. लेटरहेड वेगवेगळी होती, शुद्धलेखनाच्या चुका मात्र तिन्हींत त्याच. सर्वांत स्वस्त ते मंजूर झालं : चार मोशन सेन्सर, एक पॅनेल, एक भोंगा, आणि वर ऑफिसच्या दिव्याला एक छोटा सेन्सर फुकट.

सेन्सर लावायला जो पोरगा आला तो हुशार होता, हीच सगळ्या घोटाळ्याची सुरुवात. त्यानं डबी उघडून समजावून सांगायला सुरुवात केली. म्हणाला, "काका, हा पॅसिव्ह इन्फ्रारेड आहे. हा स्वतः काहीच सोडत नाही. नुसता बसून बघत राहतो." अध्यक्षांना हे तंत्रज्ञान लगेच पटलं. आमची कार्यकारिणी वर्षानुवर्षं याच तत्त्वावर चालू आहे.

यात बघायचं काय, तर ऊब. विल्यम हर्शेलनं १८०० साली इंग्लंडात सूर्यप्रकाश लोलकातून पाडून प्रत्येक रंगाची गरमी थर्मामीटरनं मोजली, आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. त्या न दिसणाऱ्या पट्ट्यातच पुढे कुठेतरी माणूस बसतो. आपलं अंग दिवसरात्र साधारण नऊ-दहा मायक्रॉन लांबीच्या लहरी बाहेर टाकत असतं. झोपेत टाकतं, भाषणात टाकतं, मेंटेनन्स थकवलेला असला तरी टाकतं. सेन्सरच्या पोटात एका खास पदार्थाचे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात; तापमान बदललं की त्यांच्यावर वीज साठते. दोघांवर सारखीच गरमी पडली तर हिशेब शून्य. ती आधी एकावर आणि मग दुसऱ्यावर पडली, की यंत्राला कळतं, कोणीतरी हललं. समोरचं ते दुधी प्लॅस्टिकचं झाकण म्हणजे नुसतं झाकण नाही, भिंग आहे. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं दीपस्तंभासाठी खाचाखाचांचं भिंग बनवलं, ते १८२३ साली कोर्दुआँच्या दीपस्तंभावर चढलं. समुद्रातल्या जहाजांना वाट दाखवणारी ती युक्ती आता आमच्या लॉबीत दूधवाल्यावर नजर ठेवते. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

पोऱ्यानं शिडी लावली आणि जमलेल्या मंडळींना कंठ फुटला. सेन्सर सात-आठ फुटांवर हवा, असं तो म्हणाला. सचिव म्हणाले बारा फुटांवर लाव, पोट्टे बॉल मारतात. बारा फुटांवर लावला तर पायाशी काय चाललंय ते त्याला दिसणार नाही, असं पोऱ्यानं सांगितलं, तेव्हा सचिवांनी तडजोड म्हणून काचेच्या पेटीचा प्रस्ताव मांडला. गणपतीच्या सजावटीतली पेटी शिल्लक होती. साधी काच या लहरींना भिंतीसारखी असते; पेटीत बसवलेला सेन्सर म्हणजे डोळ्यावर पट्टी बांधलेला चौकीदार. हे ऐकून सचिव दुखावले. काचेतून आपल्याला दिसतं तर त्याला का दिसू नये, हा त्यांचा प्रश्न आजही इतिवृत्तात अनुत्तरित आहे.

खोक्यावर 'पेट इम्यून, २५ किलोपर्यंत' असं छापलेलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी ते वाचलं आणि विचारलं, "माझा नातू बावीस किलोचा आहे. तो चालेल का?" पोरगा म्हणाला, "आजोबा, तो वजन नाही करत. खालून चालणारी लहान ऊब सोडून देतो, एवढंच." यावर कोणीतरी मागून विचारलं, "मग चोर रांगत आला तर?" पोरगा शिडीवरून उतरून चहा प्यायला गेला.

खरी गंमत चालचाचणीची. सेन्सर बसवला की त्याच्यातला लाल दिवा चालू ठेवायचा, एका माणसानं सगळ्या जागेत फिरायचं, आणि कुठे दिवा लागतो, कुठे नाही, ते बघून तोंड फिरवायचं, संवेदनक्षमता कमीजास्त करायची. जगभर हे काम सेन्सर लावणारा स्वतः करतो. आमच्याकडे त्याला उद्घाटन म्हणतात. नारळ फुटला. अध्यक्ष चालायला लागले. पदाला शोभेल अशा संथ चालीनं, नाकासमोर, थेट सेन्सरच्या दिशेनं.

दिवा लागला नाही.

अध्यक्ष मागे गेले, घसा खाकरला, पुन्हा चालत आले. दिवा लागला नाही. इतक्यात त्यांच्याच घरची भांडेवाली बाई, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मोबाइल, उशीर झाल्यामुळे लगबगीनं लॉबीतून आडवी गेली. दिवा लागला, भोंगा वाजला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या कोणासाठी हे लक्षात येताच थांबवल्या.

यात यंत्राची चूक काहीच नव्हती. झाकणात अशी अनेक छोटी भिंगं शेजारीशेजारी असतात, त्यामुळे त्याची नजर पंख्याच्या काड्यांसारखी अनेक पट्ट्यांत फाकलेली असते. जो आडवा जातो तो एकेक पट्टी ओलांडतो, म्हणून चटकन दिसतो. जो सरळ चालत येतो तो एकाच पट्टीतून येतो, त्यातून हळू येत असेल तर फार जवळ येईपर्यंत यंत्राला पत्ता लागत नाही. सरळ आणि सावकाश चालणाऱ्याची कोणी दखल घेत नाही, हा तर आपला सार्वजनिक अनुभव. पण अध्यक्ष ते सार्वजनिक अर्थानं घ्यायला तयार नव्हते. "माझ्यासाठी वाजत नाही म्हणजे काय?" ते म्हणाले. "वाढव."

पोऱ्यानं शास्त्र सांगून पाहिलं. सेन्सर समोरच्या कोपऱ्यात हलवू, येणारा आडवा येईल, असं म्हणाला. त्या कोपऱ्यात अध्यक्षांच्या नावाची कोनशिला होती. मग त्यानं गपचूप संवेदनक्षमता पूर्ण वाढवली आणि दोनदा हालचाल झाली तरच वाजायचं, हे सेटिंग काढून एकदाच्या बोलीवर आणलं. अध्यक्ष पुन्हा चालले. भोंगा वाजला. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते निवडून आले त्या दिवशीही नव्हतं. त्या दिवशी ते बिनविरोध आले होते.

पुढचे पंधरा दिवस भोंग्यानं जी दखल घेतली तिला तोड नाही. ऑफिसच्या कूलरचा थंड झोत तापलेल्या भिंतीवर गेला, वाजला. पडदा हलला, वाजला. भिंगावर कोळी चालला, वाजला; यंत्राच्या नाकावर चालणारा कोळी त्याला हत्तीएवढा भासतो. कोळ्यामागे पाल आली, तिनं आणखी वाजवला. पाल चुकचुकली की कृष्ण म्हणणारी आमची जुनी पिढी दर वेळी कृष्ण म्हणून थकली. सकाळी जाळीतून येणारा उन्हाचा तुकडा फरशीवर सरकायला लागला की अलार्म, आणि त्या अलार्मवर उठून फिरायला निघालेल्या लोकांमुळे पुन्हा अलार्म.

या काळातलं तक्रारींचं रजिस्टर मी आवर्जून वाचलं. ते कोणीतरी संशोधनासाठी घ्यावं अशी माझी शिफारस आहे. सकाळी सहाला भांडेवाली आली तेव्हा वाजला, त्यापुढे शेरा : 'यंत्रणा चोख.' सकाळी सातला गाडी धुणारा मुलगा, शेरा : 'चोख.' कुरिअरवाला, सिलिंडरवाला, कचऱ्याची गाडी : चोख, चोख, चोख. रात्री एकला सचिवांचे चिरंजीव मित्राच्या वाढदिवसाहून परतले तेव्हा वाजला, शेरा : 'गंभीर तांत्रिक बिघाड, त्वरित दुरुस्ती करावी.' यंत्राला बिचाऱ्याला एवढंच कळतं की भोवतालापेक्षा काहीतरी गरम आहे आणि ते हलतंय. चिरंजीव त्या रात्री भोवतालापेक्षा बरेच गरम होते, असं चौकीदाराचं म्हणणं.

चौकीदाराविषयीही एक नोंद आहे. तो रात्रभर सेन्सरसमोर खुर्ची टाकून बसतो आणि भोंगा त्याच्यासाठी एकदाही वाजला नाही. कार्यकारिणीनं याचा अर्थ तो आपला माणूस आहे हे यंत्राला समजलं, असा काढला. हलल्याशिवाय यंत्राला माणूस दिसत नाही, हे पोऱ्यानं आधीच सांगितलं होतं. चौकीदारानं मौन पाळलं आणि झोपही.

शेवटी बैठक बोलावली. विषय एकच : भोंग्याचं काय करायचं. बैठक ऑफिसात होती, आणि ऑफिसच्या दिव्याला तो फुकटचा छोटा सेन्सर होता. खोलीत हालचाल नसेल तर काही मिनिटांनी तो दिवा बंद करतो. कार्यकारिणी निर्णयाच्या जवळ आली की दर वेळी अंधार होत होता. मग कोणीतरी हात हलवायचं, उजेड व्हायचा, आणि हात वर दिसला म्हणून सचिव ते मत मोजायचे. अशा मतांनी असं ठरलं की सभासदांना त्रास होणार नाही इतपतच सुरक्षा ठेवावी. पोऱ्याला फोन गेला. तो आला, त्यानं संवेदनक्षमता पार उलट्या टोकाला नेली, आणि जाताना एवढंच म्हणाला, "काका, नवतपा लागून राहिला. आता हा कमीवर नका ठेवू."

कोणी ऐकलं नाही. म्हणणं मात्र बरोबर होतं. हे यंत्र माणूस पाहत नाही, माणूस आणि मागची भिंत यांच्या गरमीतला फरक पाहतं. पुण्यात जानेवारीच्या रात्री माणूस भिंतीपुढे निखाऱ्यासारखा उठून दिसतो. नागपुरात नवतप्यात, म्हणजे रोहिणीच्या उन्हात, पंचेचाळीस अंश होतात, तेव्हा दुपारी भिंत माणसापेक्षा गरम असते. माणूस थंड ठिपका म्हणून का होईना, दिसतो. पण संध्याकाळी भिंती निवायला लागल्या की खाली येताना कधीतरी त्या माणसाच्या बरोबरीला येतात. त्या घडीला माणूस आणि इमारत एकजीव होतात आणि सेन्सरच्या दृष्टीनं लॉबीत कोणीच नसतं. चांगल्या सेन्सरमध्ये यासाठी तोड असते : उकाडा वाढला की तो आपली संवेदना आपणच वाढवतो. आमचा कोटेशनमधला सर्वांत स्वस्त होता.

नवतप्यातल्या एका संध्याकाळी, आठच्या सुमारास, दोन माणसं लॉबीतून सरळ आत आली. सावकाश. घाई करण्यासारखी हवाच नव्हती. जिना चढून गच्चीवर गेली आणि तीन एसींच्या तांब्याच्या पाइपा कापून, गुंडाळून, आली तशी परत गेली. त्या वेळी ऑफिसात सेन्सरच्या वार्षिक देखभालीच्या करारावर चर्चा चालू होती, अधूनमधून अंधारात. कॅमेऱ्यात दोघं स्पष्ट दिसतात. दोघांनीही टोप्या घातल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी पोऱ्याला बोलावून चांगलंच धारेवर धरलं. चोरांसाठी वाजला नाही, ही त्यांची तक्रार होतीच. पण त्यांचा खरा सल वेगळा होता. चोरही आपल्यासारखेच सरळ चालत आले आणि यंत्रानं दोघांना एकाच मापानं मोजलं, हे त्यांना सहन होईना. पोऱ्यानं पिशवीतून नवा सेन्सर काढला. म्हणाला, "यात दोन आहेत, काका. एक हाच, ऊब बघणारा. दुसरा मायक्रोवेव्हचा, तो लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींवरून हालचाल ओळखतो. उकाड्याचं त्याला काही नाही. आडवा जाणारा पहिल्याला चांगला दिसतो, सरळ येणारा दुसऱ्याला."

अध्यक्षांचा चेहरा उजळला. "म्हणजे मी दिसणार."

"दुसऱ्याला दिसाल. पण दोघांनाही दिसलं तरच भोंगा वाजतो. खोटे अलार्म येऊ नयेत म्हणून तसं ठेवलेलं असतं."

"आणि दोघांचं जुळलं नाही तर?" सचिवांनी विचारलं.

"मग वाजत नाही."

खोलीत क्षणभर कोणी हललं नाही, म्हणून दिवा गेला. अंधारातच ठराव मंजूर झाला. आमच्या स्कीमच्या इतिहासात पहिल्यांदाच एखादा खर्च चर्चेविना, एकमतानं पास झाला. खजिनदारांनी फक्त एवढंच विचारलं की त्या दोघांचं कधीच जुळणार नाही, असं सेटिंग मिळतं का, आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का.