भोक बुजवणाऱ्या साहेबांस

मु. पो. तिसगाव, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर

मोबाइलच्या बुडाशी असलेलं हेडफोनचं भोक बुजवणारे थोर साहेब यांस,



पत्र नेमकं कुणाच्या नावे लिहावं हा प्रश्नच होता. कंपन्या पुष्कळ, साहेबही पुष्कळ. पण काम असं सफाईदार झालंय की सगळ्यांनी मिळून एकच हात वापरला असावा. तेव्हा ज्याच्या जिव्हारी लागेल त्याने हे आपल्यालाच लिहिलंय असं समजावं.

आधी आभार. आपण ते भोक बुजवलं नसतंत, तर कल्याण-विशाखापट्टणम महामार्गाच्या कडेला राहणारा माझ्यासारखा माणूस डॅक, ॲम्प, ओहम, किलोहर्ट्झ हे शब्द कशाला शिकला असता? पिन खुपसली की कुमार गंधर्व कानात, एवढंच माझं ध्वनिशास्त्र होतं. आता खिशात फोन, फोनच्या बुडाला बोटभर वायर, वायरीला काडेपेटीएवढी धातूची डबी आणि त्या डबीतून निघालेला हेडफोन असा सगळा संसार घेऊन मी एसटीत चढतो. शेजारचा माणूस आस्थेने विचारतो, "काका, शुगर तपासताय का?"

त्याला जे सांगतो तेच आपल्यालाही सांगतो, आपल्याला ठाऊक असलं तरी. फोनमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. सीडीच्या दर्जाचं गाणं असेल तर डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवलेलं असतं. कानाला आकडे कळत नाहीत. त्या आकड्यांचा खालीवर होणारा विद्युतदाब करणारी चिप म्हणजे डॅक, आणि हेडफोनचा पडदा हलेल इतकं बळ त्या दाबाला देणारा तो ॲम्प. हे दोघेही फोनच्या पोटात सुखाने नांदत होते. आजही आहेत, नाहीतर फोनचा स्पीकर कशावर वाजला असता? आपण फक्त त्यांचा बाहेरचा दरवाजा लिंपून टाकलात. मग तसलीच जोडी मी वेगळे पैसे मोजून विकत आणली आणि फोनच्या शेपटीला बांधली.

आमच्या जवळच मढी आहे, कानिफनाथांची समाधी तिथली. नवनाथांच्या कथेत कानिफनाथ हत्तीच्या कानातून प्रकटले, आणि नाथपंथी कानाला भोक पाडून कुंडलं घालतात. कान आणि भोक या दोन विषयांत आम्हाला परगावच्या शिकवणीची गरज नाही. त्याच मढीला रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरतो. दात बघायचे, पाय बघायचे, घासाघीस करायची. व्यापारी एकाहून एक बनेल. पण गाढवाचं शेपूट काढून ठेवून "हे वेगळं घ्यावं लागेल" असं म्हणणारा तिथं अजून कुणी भेटलेला नाही. तेवढं धाडस लागतं.

धाडस हा शब्द माझा नव्हे, आपल्याच बिरादरीतला आहे. ७ सप्टेंबर २०१६ रोजी ॲपलचे फिल शिलर यांनी आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक काढण्याचं कारण व्यासपीठावरून सांगताना तो वापरला होता. त्याच व्यासपीठावर त्याच दिवशी बिनवायरीचे एअरपॉड्सही अवतरले. भारतात तेव्हा त्यांचा भाव १५,४०० रुपये होता. एका हाताने भोक बुजवायचं आणि दुसऱ्या हाताने ही गोळ्यांची डबी पुढे करायची, याला आमच्याकडे दुसरं काही म्हणतात. पण पत्र जाहीर असल्याने लिहीत नाही. सुरुवातीला फोनच्या खोक्यात जुना हेडफोन लावायची जोडवायर तरी फुकट मिळायची. २०१८ पासून तीही बंद केलीत. एका दमात किती धाडस करणार!

बाकीच्यांचं वागणं तर आमच्या ग्रामपंचायतीच्या राजकारणालाही लाजवणारं. गूगलने २०१६ मध्ये आपल्या पिक्सेलच्या जाहिरातीत जॅक असल्याची फुशारकी मारली आणि २०१७ च्या पिक्सेल २ मधून तो काढून टाकला. सॅमसंगने जाहिरातींतून ॲपलची यथेच्छ टिंगल केली, २०१९ च्या नोट १० मधून स्वतःचाही जॅक काढला आणि त्या टिंगलीच्या जाहिराती गुपचूप उतरवल्या. निवडणुकीनंतर पक्ष बदलणारा निदान जुने फलक फाडायला माणसं पाठवतो. इथं ते एका बोटात झालं.

पाणी आत जातं म्हणून भोक बुजवलं, असंही आपण सांगत होतात. त्याच २०१६ सालचा गॅलॅक्सी एस ७ दीड मीटर पाण्यात अर्धा तास राहू शकेल अशा मानांकनाचा होता, आणि भोकासकट. जागा उरली नाही म्हणालात. स्कॉटी ॲलन नावाच्या गृहस्थाने २०१७ मध्ये चीनमधल्या शेन्झेनला बसून, आपल्याच जोडवायरीतली चिप कोंबून आयफोन ७ ला चालू जॅक बसवून दाखवला. त्याला जागा सापडली, आपल्या अभियंत्यांना सापडली नाही. असो. डोळ्यांचे विकार कुणालाही होतात.

आता "ब्लूटूथ घ्या" हे आपलं ठरलेलं उत्तर. घेतो की. मोटारसायकलच्या दुकानात नंबर येईपर्यंत बातम्या ऐकायला उत्तम. पण सीडीच्या गाण्यात सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती असते आणि सर्वांत सर्रास चालणारी ब्लूटूथची पद्धत जास्तीत जास्त ३२८ च्या आसपास पुढे पाठवते. काय गाळायचं ते गणित ठरवतं, आणि ते गणित बहुधा नाच-गाण्यांवर वाढलेलं असावं. किशोरी आमोणकर आलापी करतात तेव्हा त्यांच्यामागे तानपुऱ्याच्या जवारीतून सुरांचं एक धुकं उठत असतं. डबीवर, वायरीच्या हेडफोनमध्ये, त्या धुक्यातली प्रत्येक तार सुटी ऐकू येते. तबल्याच्या बायावर तळवा घासला की तो कुठून कुठे सरकला तेही कळतं. माझ्या गळ्यातल्या ब्लूटूथच्या पट्ट्यावर बाई असतात, तबला असतो, तानपुरा मात्र शेजारच्या घरात वाजतो. शिवाय त्या पट्ट्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते आणि ती बदलायची सोय नसते. वायरवाला हेडफोन कधी चार्जिंग मागत नव्हता, ही त्याची मोठीच चूक म्हणायची.

हा डबीचा शौक माझ्यासारख्या रिकामटेकड्याचा, हे मान्य. पण दिवाळी झाली की पाथर्डी तालुक्यातली कुटुंबंच्या कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. निघण्याआधी मोबाइलच्या दुकानात गर्दी असायची. "गाणी भरून मिळतील" अशी पाटी, मेमरी कार्डात भारूडं, वगनाट्यं, भीमगीतं, सिनेमाची गाणी मिळेल तेवढी कोंबायची आणि शंभर-दीडशेची हँडफ्री घ्यायची. तिथल्या कोपीत वीज नाही, नेटवर्क येतं-जातं. त्या हँडफ्रीचा दुसरा उपयोग आपण सोयीने विसरलात: फोनमधल्या एफएम रेडिओला तिची वायर हीच अँटेना होती. फुकटची बातमी, फुकटचं गाणं, फुकटचा हवामानाचा अंदाज. २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान खात्याला फोन बनवणाऱ्यांना सूचना काढावी लागली की फोनमधला एफएम बंद ठेवू नका, आपत्तीत तो लागतो. आपण भोक बुजवलंत, कार्डाचा कप्पा काढलात आणि वर विचारता, लोक ऑनलाइन का ऐकत नाहीत? स्वस्तातल्या काही फोनांत अजून दोन्ही टिकून आहेत, हे खरं. म्हणजे जितके पैसे जास्त तितकी सोय कमी, असा हा बाजार. गाढवांच्या बाजारातही उलट असतं.

डबी विकणारे आपले मावसभाऊ काही कमी नाहीत. "३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ" असं खोक्यावर सोनेरी अक्षरांत. सेकंदाला ४४,१०० मापं घेतली की २२ हजार हर्ट्झपर्यंतचा सूर पकडता येतो. तरुण कान फार तर २० हजारांपर्यंत ऐकतो, माझा त्याच्याही बराच अलीकडे थांबतो. ३८४ ची मापं कुणासाठी, वटवाघळांसाठी? अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी तबकडीसुद्धा हे लोक २४ बिटांत विकायला काढतील, म्हणजे सुईची खरखर अत्यंत खानदानी ऐकू येईल. डबीचा खरा उपयोग साधा आहे. तिचा स्वतःचा आवाज नसावा, आणि सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हट्टी हेडफोन असेल तर त्याला पुरेसा व्होल्टेज द्यावा. बहुतेकांच्या ३२ ओहमच्या हेडफोनला हजाराच्या आतली साधी जोडवायरही पुरते, हे त्या मावसभावांनी खोक्यावर कुठं छापलेलं मी पाहिलं नाही. आणि कांद्याच्या ट्रकचा हॉर्न कुठल्याही डबीला पुसता येत नाही.

सगळ्यात वाईट वाटतं ते एलजीचं. आयफोन ७ आला त्याच आठवड्यात त्यांनी व्ही २० काढला: जॅक जागेवर, आणि आत चार डॅकची चिप. माझ्या या डबीचं काम फोनच्या पोटातच. २०२१ मध्ये एलजीने फोनचा धंदाच बंद केला. धाडस कमी पडलं असणार.

आपला फोन अर्धा मिलिमीटर जाड झाला तरी इथं कुणी तक्रार करणार नाही. शर्टाचे खिसे आम्ही शिंप्याकडून मोठेच शिवून घेतो. भोक परत पाडा, कप्पा परत द्या. डबी मग मी खुशाल शोकेसमध्ये ठेवीन.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
तिसगावचा एक वायरवाला

ता. क. उत्तर आवाजात पाठवणार असाल तर ४४,१०० च्या मापातच पाठवा. तुमचा अँड्रॉइड ते बहुधा वाटेत परस्पर ४८,००० करून टाकतो, आणि तसं होऊ नये म्हणून मला आणखी एक ॲप विकत घ्यावं लागलंय. त्याची पावती सोबत जोडली आहे.