चाळीस तासांचे अण्णा

अण्णा वकिलांनी साताऱ्याच्या दिवाणी कोर्टात तीस वर्षं माणसं भांडत ठेवली. बांधाच्या दाव्यात आजोबांचं वकीलपत्र घ्यायचं आणि नातवाच्या लग्नात मानाचा फेटा बांधून घ्यायचा, अशी त्यांची प्रॅक्टिस. मग उतारवयात त्यांनी मध्यस्थीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलं आणि वाल्याचा वाल्मीकी झाला. वाल्मीकींनी प्रमाणपत्राला लॅमिनेशन केलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

तेव्हापासून आळीत सुखानं भांडता येत नाही. कुणाचा आवाज जरा चढला की अण्णा हजर. ‘तुमची मागणी कळली, पण तुमची गरज काय?’ परवा हे त्यांनी दूधवाल्यालाच विचारलं.

‘मागच्या महिन्याचे बाराशे रुपये,’ तो म्हणाला.

त्यावर अण्णांनी त्याला ‘पाटील ऑटोमेशन’ खटल्याचा निकाल समजावून सांगितला. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर व्यापारी दावा लावण्याआधी मध्यस्थी करावीच लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 साली ठरवलं. ‘मात्र वाद किमान तीन लाखांचा हवा. तुझा बसत नाही,’ असं म्हणून पिशवी घेऊन आत गेले. बाराशे शेवटी काकूंनी दिले.

मध्यस्थीचा कायदा 2023 मध्ये झाला खरा, पण त्याची सगळी कलमं एकदम लागू झाली नाहीत. पहिला हप्ता ऑक्टोबरमध्ये आला. त्या दिवशी अण्णांनी पेढे वाटले.

शिकवण्याची हौस तर विचारू नका. फिशर आणि युरी यांच्या ‘गेटिंग टू येस’ या 1981 च्या पुस्तकात एका संत्र्यावरून भांडणारी दोन मुलं आहेत. एकाला गर हवा असतो, दुसऱ्याला केकसाठी साल. नुसतं विचारलं असतं तर दोघांनाही सगळं मिळालं असतं. आपल्याकडे सालीचा केक कोण करतो, म्हणून अण्णांनी संत्र्याचा नारळ केला. एका जावेला खोबरं हवं, दुसरीला करवंटी. हे त्यांनी महिला मंडळात सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतून प्रश्न आला, ‘आणि पाणी कुणी प्यायचं?’ अण्णा अजून उत्तर शोधताहेत.

घरचा प्रयोग जास्त महागात पडला. रविवारी काकू आणि सूनबाई यांच्यात स्वयंपाकावरून जुंपली. अण्णांनी दोघींच्या स्वतंत्र बैठका घेतल्या, एकीची गॅलरीत, दुसरीची देवघरात. दोघींनी मन मोकळं केलं. पण एका पक्षानं विश्वासानं सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही, हा नियम! त्यामुळे दीड वाजला तरी भात टाकायचा की खिचडी, हे घरात फक्त अण्णांना माहीत होतं.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. कोर्टानं त्यांच्याकडे दोन भावांचा वाटपाचा दावा पाठवला, तेव्हा हाच बडबड्या माणूस खुर्चीत गप्प बसला. थोरला तासभर ओरडला. अण्णांनी ना नियम सांगितला, ना नारळ फोडला. ओरडून दमल्यावर थोरल्याच्या तोंडून निघालं, वडील दवाखान्यात होते तेव्हा हा फिरकला नाही. धाकटा रडला. विहीर थोरल्यानं आपण होऊन सोडली. सतरा वर्षांचा दावा मिटला आणि कोर्ट फीही परत मिळाली.

हे आम्हाला अण्णांनी सांगितलेलं नाही. धाकट्याच्या बायकोनं मंडईत काकूंना सांगितलं, म्हणजे साताऱ्याला सांगितलं. आयुष्यातली सर्वात मोठी जीत, आणि गोपनीयतेपायी अण्णांना तिच्याबद्दल अवाक्षर काढता येत नाही. आम्ही मात्र कट्ट्यावर ती त्यांच्यासमोर सांगतो, आणि मुद्दाम चुकीची सांगतो.

‘शेवटी धाकट्यानं विहीर सोडली म्हणे,’ मी म्हणतो.

अण्णांच्या मानेच्या शिरा फुगतात. ओठ हलतात.

‘आणि सगळं जमवलं ते थोरल्याच्या वकिलानं,’ दुसरा कुणी म्हणतो.

अण्णा उठतात, चपला उलट्या पायांत घालतात आणि चालू लागतात.