गाणं तिचं, नाव कुणाचं?

गाण्यात नाव आलं म्हणून कुणी नोटीस पाठवतं? पाठवतं. 2010 मध्ये ‘दबंग’च्या गाण्यात झंडू बाम आला आणि तो बनवणाऱ्या इमामी कंपनीने निर्मात्यांना नोटीस धाडली. पुढे तडजोड झाली. त्याच गाण्यावर नाचलेली मलायका अरोरा बामच्या जाहिरातीत झळकली.

नावाचं दुखणं हिशेबाने बरं झालं.

कलावंतांचं दुखणं मात्र खरं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये अरिजित सिंहला आणि 2025 मध्ये आशा भोसलेंना संरक्षण दिलं. एआयने त्यांचा आवाज हुबेहूब काढून विकायचा नाही. योग्यच केलं. गळा त्यांचा, मग गल्ला भलत्याचा का?

पण आवाज चोरणं वेगळं, गाण्यात नाव घेणं वेगळं. नावाचाही सातबारा निघू लागला, तर नेत्याला जाब विचारणारं गाणं शाहिराने कुणाला विचारून म्हणायचं? त्या नेत्यालाच?

परभणीत भाऊच्या वाढदिवसाला चौकात डीजे लागतो. गाण्यात भाऊचं नाव असेल, तर खुशाल असू द्या. मोबाइलवर बनवलेला नामवंत गायकाचा उसना आवाज तेवढा बंद करा.

नावाचं मोल गंगाखेडच्या जनाबाईंना पक्कं ठाऊक होतं. ‘नामयाची दासी जनी’ ही त्यांची नाममुद्रा. त्यात नामदेवांचं नाव आहे, स्वतःचंही आहे. म्हणून नामदेवांच्या गाथेत राहूनही जनीचे अभंग जनीचेच राहिले. दळण-कांडण करणाऱ्या बाईने वकिलाशिवाय स्वतःचं नाव जपलं.

आणि आज?

जात्यावरची ओवी रेकॉर्ड होते, स्टुडिओत सजते, यूट्यूबवर चढते. खाली संगीतकार, संयोजक, निर्माता, सगळे हजर. गीताच्या रकान्यात ‘पारंपरिक’. जिच्या तोंडून ती ओवी घेतली, ती कुठे गेली?

कॉपीराइट कायद्यात 2012 पासून कलम 38-ख आहे. कला सादर करणाऱ्याला आपलं श्रेय मागण्याचा हक्क त्यात आहे. पण हक्क आहे हेच जिला कुणी सांगितलं नाही, ती मागणार काय?

मोठ्या नावांसाठी कोर्ट उभं आहे, वकील उभे आहेत. माइक घेऊन गावात येणाऱ्यांनो, एवढं करा. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव आधी लिहून घ्या, मगच रेकॉर्डिंग सुरू करा. आणि पैसे आले, तर पहिला वाटा तिच्या हातात ठेवा.