नागरिकशास्त्राचे गुण

नव्या पिढीला इतिहास-नागरिकशास्त्र येत नाही, ही तक्रार बहुधा जुनी पिढी करते. तिची परीक्षा कोणी घेत नाही. महाराष्ट्रात दहावीला इतिहास व राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा. त्यातही मोठा वाटा इतिहासाचा. उरलेल्या नागरिकशास्त्रातला एक साधा धडा घ्या: महापालिकेची मुदत ५ वर्षे, ती संपण्याआधी निवडणूक बंधनकारक, हे १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने ठरवून दिले. मुंबई-पुण्याच्या सभागृहांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांनी हाकला. पुस्तक पाठ करणाऱ्याला त्याही काळात पैकीच्या पैकी. आजूबाजूला पाहून लिहिणाऱ्याचा गुण गेला असता. ‘तुमच्या प्रभागाचा नगरसेवक कोण?’ हा प्रश्न तेव्हा मुलांना विचारणे तर निव्वळ अन्याय होता. नगरसेवक नव्हताच.