मेकॅनिकल कीबोर्ड : गृहप्रवेश आणि कचेरीप्रवेश

मेकॅनिकल कीबोर्डाची सवय आपल्याला लागतेच. ती इतरांना लावायची असते, आणि तयारी त्याचीच करावी.

प्रथम स्विच निवडावेत. चेरी एमएक्सच्या घराण्यात निळे, तपकिरी आणि लाल असे तीन मुख्य पंथ आहेत. निळा दर दाबाला खटका देतो, तपकिरी नुसता बोटाला जाणवतो, लाल मुकाट्याने खाली जातो. तपकिरीवाले स्वतःला समंजस म्हणवतात. निळेवाले त्यांना भित्रे म्हणतात. किमतीबद्दल घरी विचारणा झाल्यास ‘ऑफिसने दिला’ आणि ऑफिसात झाल्यास ‘मनगटासाठी डॉक्टरांनी सांगितला’ असे उत्तर द्यावे. ऑफिसच्या स्नेहसंमेलनाला मात्र सहकुटुंब जाऊ नये.

लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर वाढलेली बोटे प्रत्येक की तळापर्यंत हाणतात. लाल स्विचची की एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर २ मिलिमीटरवरच उमटते. पुढचे सगळे हौसेखातर. अर्ध्यावर थांबायला शिकावे. ते जमत नाही, म्हणून रबरी ओ-रिंग बसवाव्यात. त्याने तळाचा आदळ कमी होतो. निळ्याचा खटका स्विचच्या पोटातच असल्याने तो तसाच राहतो. घरच्यांना मात्र ‘उपाय केलाय’ असे सांगता येते.

घरात टायपिंगची सरकारी परीक्षा दिलेले कोणी ज्येष्ठ असतील तर कीबोर्ड आधी त्यांच्यापुढे ठेवावा. मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा पास होऊन, पुढे जन्मभर कार्बनच्या थप्पीवर अक्षरे ठोकलेली ती बोटे. तुम्ही इतकी वर्षे काही काम करत होता, यावर त्यांचा आज प्रथमच विश्वास बसेल. ‘एवढ्या आवाजात कागद कुठून बाहेर येतो?’ या प्रश्नाची तयारी ठेवावी.

मराठी लिहिणाऱ्यांनी थोडे जपावे. इन्स्क्रिप्टमध्ये पाय मोडायची खूण इंग्रजी ‘डी’च्या जागी, म्हणजे डाव्या मधल्या बोटाखाली असते. ‘स्वातंत्र्योत्तर’ हा एकच शब्द लिहिताना ती चारदा हाणावी लागते. शेजारच्या टेबलाला वाटते, आपण राजीनामा लिहितोय.

ऑनलाइन मीटिंगमध्ये माइक बंद असल्याची दोनदा खात्री करावी. टिपणे घेणाऱ्याचा ताल वेगळा आणि मित्राशी चॅट करणाऱ्याचा वेगळा, हे चार दिवसांत सगळ्यांच्या कानात बसते. लांबलचक खडखडाट, क्षणभर शांतता आणि मग बॅकस्पेसची सलग सरबत्ती ऐकू आली, की साहेबांना लिहिलेले खरे उत्तर खोडले गेले हे शिपायालाही कळते. यावर उपाय एकच : खोडायचे ते माउसने एकदम निवडून, एका दाबात उडवावे.

यथावकाश शेजारचा सहकारीही निळे स्विच घेऊन येईल. त्याच दिवशी एचआरकडे आवाजाची लेखी तक्रार करावी. ती टाइप मात्र घरी करावी.