ऑप्शनची वही कशी ठेवावी

वही उभी, लाल कापडी पुठ्ठ्याची घ्यावी, सेलूत मिळते. पहिल्या पानावर 'श्री' काढावा. मुहूर्त मंगळवारचा धरावा, कारण सप्टेंबर 2025 पासून निफ्टीची आठवडी एक्स्पायरी गुरुवारची मंगळवारवर आली आहे आणि देवगाव फाट्यावरचे नोंद घेण्याजोगे पराक्रम त्याच दिवशी दुपारी दोननंतर घडतात.

'सौदा का घेतला' हा रकाना सौद्याआधी भरायचा असतो, असं जाणकार सांगतात. तसं केलं तर निम्मे सौदे होतच नाहीत. म्हणून तो संध्याकाळी, निकाल लागल्यावर भरावा. नफा झाला तर 'अभ्यास' लिहावं. तोटा झाला तर 'ऑपरेटरने खेळ केला', 'ऐन वेळी नेट गेलं', किंवा टिप देणाऱ्या भाच्याचं नाव. स्टॉपलॉस काढून टाकून आणखी एक लॉट घेतला असेल तर 'ॲव्हरेज केलं' असं वळणदार अक्षरात लिहावं.

अनुभवाचा रकाना मोठा ठेवू नये. सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून ओल सांगणारी माणसं आपण. पण त्याचा वायदा सेबीने डिसेंबर 2021 मध्ये थांबवला. तेव्हा कळतं ते राहू द्यावं आणि पन्नास कंपन्यांच्या निर्देशांकावर कॉल घ्यावा.

कॉल घेऊन चहाला बसलात आणि बाजार जागचा हलला नाही, तरी प्रीमियम झिजतो. एक्स्पायरीला निर्देशांक स्ट्राइकच्या वर गेला नाही तर त्याचं शून्य होतं. या झिजेचा रकाना मुळीच आखू नये, चहा गोड लागत नाही. दलाली, एसटीटी, जीएसटी हे सगळं 'किरकोळ'मध्ये टाकावं. सेबीच्या हिशोबाने 2023-24 मध्ये हे किरकोळ माणशी सरासरी 26,000 रुपये झालं.

सेबीची वही मात्र कोणाच्या भाच्याला दोष देत नाही. सप्टेंबर 2024 च्या तिच्या अहवालानुसार आधीच्या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा, खर्च धरून, सुमारे दोन लाख.

तरी वही ठेवणारच असाल, तर भाऊ, तेवढा एक कारणाचा रकाना आधी भरा. लिहायला काही सुचलं नाही तर त्या मंगळवारी मोबाइल खिशातच राहू द्या.